न दाखवलेल्या युद्धाची जहाजं

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग १५ डिसेंबर १९६६ रोजी प्रसारित झाला. त्यात मिस्टर स्पॉक यानावरच्या सहकाऱ्यांना थोडा इतिहास सांगतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पृथ्वी आणि रोम्युलन नावाचे परग्रहवासी यांच्यात युद्ध झालं. ते अण्वस्त्रांनी लढलं गेलं. यानं अगदीच प्राथमिक होती. कुणी कुणाला दया दाखवली नाही, कैदी घेतले नाहीत. एका यानातून दुसऱ्या यानातलं चित्र पाहण्याची सोय नव्हती आणि तहसुद्धा रेडिओवरच झाला. त्यामुळे शत्रू दिसतो कसा, हे शंभर वर्षांनंतरही कुणाला ठाऊक नाही.

लेखक पॉल श्नायडर यांना ही माहिती एका धक्क्यासाठी हवी होती. रोम्युलन सेनापती पडद्यावर दिसतो तेव्हा त्याचे कान हुबेहूब स्पॉकसारखे टोकदार निघतात आणि एक तरुण अधिकारी तिथल्या तिथे स्पॉककडे संशयाने पाहू लागतो. लेखकाचं काम तिथे संपलं, चाहत्यांचं सुरू झालं. ती प्राथमिक यानं दिसत कशी असतील? साठ वर्षं होत आली, चित्रकार, खेळ तयार करणारे, कादंबरीकार आणि असंख्य हौशी मंडळी हे कोडं सोडवत बसली आहेत. हा उद्योग रिकामटेकडा वाटेल, पण मला तो विज्ञानकथेतला सगळ्यांत शिस्तीचा खेळ वाटतो. इथे कल्पनेला मोकळं रान नाही. चार-पाच वाक्यं दिलेली आहेत आणि त्यांच्याशी जुळेल असं यंत्र उलट्या दिशेने शोधून काढायचं आहे.

ती यानं पडद्यावर आणायची तर पूर्वकथा, म्हणजे मूळ कथेच्या आधीच्या काळाची कथा, सांगावी लागते आणि तिची अडचण वेगळीच असते. ‘एंटरप्राइझ’ हे मूळ यान १९६४ ते १९६६ या काळात, प्लायवूड, रंग आणि लुकलुकणारे दिवे यांच्या भरवशावर उभं राहिलं. आता त्याच्या शंभर वर्षं आधीचं यान दाखवायचं, म्हणजे ते त्याच्याहून जुनाट दिसलं पाहिजे. आणि ते बाविसाव्या शतकातलं आहे, म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाइलपेक्षा पुढचंही वाटलं पाहिजे. ‘स्टार वॉर्स’ने ही अडचण चलाखीने सोडवली. १९९९च्या पूर्वकथेत जुना काळ जास्त चकचकीत दाखवला. राणीचं क्रोमने मढवलेलं यान म्हणजे कारागिरीच्या काळाची खूण, आणि पुढची करडी, एकसारखी यानं म्हणजे साम्राज्याच्या कारखान्याची. ‘स्टार ट्रेक’ला ही पळवाट नाही, कारण तिथे माणूस पुढे पुढेच जातो, ही मालिकेची श्रद्धाच आहे. तिथला जुना काळ खरोखरच कच्चा असावा लागतो.

कच्चा म्हणजे किती, याचा पहिला पुरावा खुद्द एंटरप्राइझमध्ये आहे. तिचे आरेखक मॅट जेफ्रीज हे विमानांचे चित्रकार आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांतून फिरलेले. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनीही त्या युद्धात पॅसिफिक आघाडीवर बी-१७ बॉम्बर चालवलं होतं. पंख नकोत, कल्ले नकोत, शेपटीतून निघणारा धूर आणि ज्वाळा नकोत, अशी रॉडनबेरींची अट होती. जेफ्रीज यांनी विचार केला तो मेकॅनिकसारखा. ताऱ्यांपर्यंत नेणारं इंजिन भलतंच शक्तिशाली आणि म्हणून धोकादायक असणार, तेव्हा ते माणसांपासून लांब, खांबांवर ठेवावं. दुरुस्ती आतून करता यावी, म्हणून बाहेरचा पत्रा गुळगुळीत ठेवावा. पुढच्या भागासाठी त्यांच्या सुरुवातीच्या रेखाटनांत चक्क गोळा होता. तो चपटा होत होत त्याची प्रसिद्ध बशी झाली.

नाकारलेला हा गोळाच पुढे युद्धकाळाचं यान ठरला. मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी १९९३मध्ये ‘स्टार ट्रेक’चा अधिकृत कालपट पुस्तकरूपात मांडला, तेव्हा रोम्युलन युद्ध २१५६ ते २१६० या वर्षांत बसवलं. त्या काळातलं ‘डेडालस’ वर्गाचं यान दाखवायला त्यांनी जेफ्रीज यांचं जुनं रेखाटन काढलं आणि ग्रेग जाइन यांनी त्यावरून प्रतिकृती घडवली. पुढे गोळा, मागे नळकांडं, वर दोन इंजिनं. ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत कमांडर सिस्कोच्या कार्यालयात ही प्रतिकृती शोभेला ठेवलेली दिसते. या वर्गाचं नाव त्याआधी, १९९२च्या एका भागात येऊन गेलं होतं. त्यातल्या ‘एसेक्स’ नावाच्या हरवलेल्या यानाचा नोंदणी क्रमांक १७३ होता. एंटरप्राइझचा क्रमांक १७०१. ज्या चाहत्याला यानाचं वय काढायचं असतं, तो असे आकडेही सोडत नाही.

हा गोळा चित्रकाराच्या कागदावरून आला हे खरं, पण तो भौतिकशास्त्रालाही मानवतो. ठरावीक आकारमानाला सगळ्यांत कमी पृष्ठभाग गोलाचा असतो. म्हणजे तेवढ्याच माणसांसाठी कवचाला धातू कमी लागतो, आणि आतल्या हवेचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. बशी दिसायला देखणी, पण तिच्या कडेला दाब सोसायला आतून भरपूर टेकू द्यावे लागतील. धोकादायक इंजिन मागे, माणसं पुढच्या गोळ्यात आणि मध्ये अंतर, ही रचना ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटातल्या ‘डिस्कव्हरी’ यानातही आहे. कारण साधं आहे: अंतर दहापट केलं की किरणोत्साराची मात्रा शंभरावा हिस्सा होते. जाड शिशापेक्षा लांब कणा स्वस्त पडतो.

आता स्पॉकच्या इतिहासातली सगळ्यांत वजनदार अट: अण्वस्त्रं. इथे बहुतेक चित्रकार चुकतात. पृथ्वीवर अणुबॉम्बचा विध्वंस मुख्यतः हवेमुळे होतो. हवा तापते, फुगते आणि धक्क्याची लाट शहर झोपवते. अवकाशात हवाच नाही, त्यामुळे लाट नाही, गडगडाट नाही आणि ढगाची छत्रीही नाही. बॉम्बची ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपाने सगळ्या दिशांना सारखी फाकते. एक मेगाटनचा बॉम्ब शंभर किलोमीटरवर फुटला, तर यानाच्या दर चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ३३ किलोज्यूल ऊर्जा पडते. एवढ्यात एक कप चहासुद्धा उकळणार नाही. तोच बॉम्ब एक किलोमीटरवर फुटला तर आकडा दहा हजारपट होतो. कवचाचा बाहेरचा थर एका झटक्यात वाफ होऊन उडतो आणि त्या झटक्याचा उलटा दणका आतल्या सांगाड्याला बसतो. मधल्या अंतरावर धातू शाबूत राहील, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स दगावू शकतात.

ही नुसती कागदावरची भीती नव्हे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्या चाचणीचं नाव. चौदाशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या हवाईमधले रस्त्यावरचे काही दिवे त्याने घालवले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला ‘टेलस्टार’ हा दळणवळण उपग्रह चाचणीमुळे वाढलेल्या किरणोत्सारात सापडला, त्याचे ट्रान्झिस्टर खराब होत गेले आणि काही महिन्यांत तो मुका झाला. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ लिहिला गेला त्याच्या अवघी चार वर्षं आधीची ही गोष्ट.

म्हणजे रोम्युलन युद्धातल्या जहाजाला काय लागेल? शत्रूच्या अगदी जवळ जाऊन फुटणारी क्षेपणास्त्रं, कारण लांबून फुटलेला बॉम्ब वाया गेला. ती वाटेतच अडवणाऱ्या तोफा. किरणोत्सार सोसणारी, जाडजूड, मुद्दाम मागासलेली यंत्रणा. नाजूक संगणकाऐवजी हाताने फिरवायच्या खटक्यांची. मधोमध एक खोली, पाण्याच्या टाक्यांनी वेढलेली, कारण न्यूट्रॉन अडवायला पाणी उत्तम. हल्ल्याचा इशारा झाला की सगळे तिथे. मूळ मालिकेतल्या मोठाल्या बटणांना आणि खटक्यांना आज लोक हसतात, पण अण्वस्त्रांच्या युद्धातून शिकलेलं आरमार अशीच बटणं लावेल. मला ही गंमत फार आवडते. प्लायवूडच्या सेटला शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धाने कारण पुरवलं!

उष्णतेकडे मात्र जवळजवळ सगळ्यांनी पाठ फिरवली आहे. अवकाशात वारा नाही, त्यामुळे इंजिनाची, यंत्रांची, माणसांची उष्णता फक्त प्रारणाने बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर त्यासाठी अमोनिया फिरवणारे मोठे पांढरे पडदे लावले आहेत. लढाऊ यानाला ते कितीतरी मोठे लागतील आणि ते दुखरं अंगही ठरतील: पडदे फाटले की इंजिन बंद करा, नाहीतर भाजून मरा. ‘डिस्कव्हरी’च्या मूळ कल्पनेत असे पडदे होते; प्रेक्षकांना ते पंख वाटतील म्हणून चित्रपटात गाळले. ‘स्टार ट्रेक’मध्ये तर पंख नकोत ही पहिल्या दिवसापासूनची अट. त्यामुळे युद्धकाळाची शेकडो कल्पनाचित्रं पाहा, तोफा मोजून थकाल, पण उष्णतेची वाट दिसत नाही. तापलेलं यान थंडगार पार्श्वभूमीवर लांबूनही उठून दिसतं, हेही त्यासोबत विसरलं जातं. ‘बॅलन्स ऑफ टेरर’मधलं रोम्युलनांचं अदृश्य होण्याचं तंत्र एवढं दहशत बसवणारं का, याचं खरं उत्तर इथे आहे.

चेहरा न दिसण्याच्या अटीवर आजचा वाचक नाक मुरडेल. ताऱ्यांपर्यंत गेलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल जमू नये? पण १९६६च्या डोळ्यांनी पाहू. जुलै १९६५मध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याने बावीसेक चित्रं टिपली आणि ती सेकंदाला साडेआठ बिटसुद्धा नाहीत एवढ्या वेगाने पाठवली. एकेक चित्र यायला कित्येक तास लागले. अंतराळातून आवाज येतो, चित्र मात्र फार महाग पडतं, हा त्या काळचा ताजा अनुभव होता. शिवाय या भागावर ‘द एनिमी बिलो’ या १९५७च्या चित्रपटाची दाट छाया आहे. त्यात अमेरिकी विनाशिका आणि जर्मन पाणबुडी एकमेकींची शिकार करतात आणि कप्तान एकमेकांना ओळखतात ते चालींवरून. पाणबुडीच्या युद्धात शत्रूचा चेहरा दिसतच नाही. त्यात हेही धरा की सेकंदाला दहा किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने दोन यानं एकमेकांना ओलांडतात तेव्हा हजार किलोमीटरचं अंतर शंभर सेकंदांत संपतं. दोर टाकून शत्रूच्या जहाजावर चढणं नाही की बुडणाऱ्यांना वाचवणं नाही. कैदी न घेण्यामागे क्रौर्यापेक्षा हा वेग असावा.

वेगावरून चाहत्यांत सगळ्यांत लांबलेलं भांडण आहे. त्याच भागात मुख्य अभियंता स्कॉटी सांगतो की रोम्युलनांचं इंजिन साधं ‘इम्पल्स’ जातीचं आहे, म्हणजे प्रकाशापेक्षा हळू. मग ताऱ्याताऱ्यांमधलं युद्ध झालं कसं? काहींनी ते वाक्य फक्त त्या एका यानापुरतं धरलं, काहींनी त्या क्षणापुरतं, काहींनी रोम्युलनांना कायमचे प्रकाशापेक्षा हळू ठरवून पृथ्वीच्या जहाजांना तेवढाच एक वरचष्मा दिला. मला तिसरं उत्तर चातुर्याचं वाटतं, पण त्यात युद्ध चार वर्षं टिकत नाही.

पृथ्वीच्या बाजूचं गणित मात्र मजेशीर जुळतं. जुन्या हिशेबात ‘वॉर्प’ या वेगाच्या आकड्याचा घन केला की प्रकाशवेगाची पट मिळते: वॉर्प दोन म्हणजे आठपट, वॉर्प पाच म्हणजे १२५ पट. सगळ्यांत जवळची तारामाला सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडी लांब आहे. वॉर्प दोनने तिथे जायला साडेसहा महिने, वॉर्प पाचने तेराएक दिवस. २००१मध्ये आलेल्या ‘एंटरप्राइझ’ या पूर्वकथेत साडेचार वॉर्पने नेपच्यूनला जाऊन सहा मिनिटांत परत येता येईल, अशी फुशारकी आहे. करून पाहा, साडेपाच मिनिटं येतात. पटकथेत अंकगणित बरोबर आलं की मला पटकथालेखकाला चहा पाजावासा वाटतो.

याच मालिकेने वॉर्प दोनच्याही आतल्या वेगाने वर्षानुवर्षं मालवाहतूक करणाऱ्या कुटुंबांची कल्पना आणली. सुकाणूवरचा ट्रॅव्हिस मेवेदर अशाच मालवाहू यानावर वाढलेला आहे. लांब कणा, त्याला अडकवलेले कंटेनर. युद्ध पेटल्यावर पहिल्यांदा कामाला जुंपली जातील ती हीच यानं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची २,७१० मालवाहू जहाजं बांधली, त्यांतलं एक तर प्रचारासाठी पाच दिवसांच्या आत. सुबक नव्हती, पण समुद्रात बुडत होती त्याहून वेगाने तयार होत होती. गोळा आणि नळकांडं हे डेडालसचं रूप मला त्याच जातीचं वाटतं; अनेक कारखान्यांत तुकडे घडवा आणि कक्षेत जोडा. त्या वर्गाची शेवटची यानं २१९६मध्ये निवृत्त झाली असं ‘स्टार ट्रेक’मध्येच सांगितलं आहे. घाईत बांधलेल्या जहाजाला एवढं आयुष्य लाभलं, म्हणजे त्याच्या आरेखकाने काहीतरी नेमकं साधलं असणार.

‘एंटरप्राइझ’ मालिकेत मात्र नायक झालं ते एनएक्स-०१ हे यान. डग ड्रेक्स्लर यांनी घडवलेलं हे यान आतून झकास आहे. पाणबुडीसारख्या अरुंद वाटा, उघड्या नळ्या आणि धातूची शिडी, निळे वैमानिकी पोशाख. संरक्षक ढालीच्या जागी विद्युतभारित कवच, ओढकिरणाच्या जागी लोखंडी आकडा आणि दोर, माणसं क्षणात पाठवणारं यंत्र आहे पण त्यात पाऊल टाकायला सगळे घाबरतात. एकेक सोय काढून घेत मागे जायचं, हे तंत्र इथे नेमकं जमलं. बाहेरून मात्र गडबड झाली. त्याची चपटी बशी आणि मागे वळलेले दोन बाहू १९९६च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ चित्रपटातल्या ‘अकिरा’ वर्गाच्या यानाची इतकी आठवण देतात की चाहत्यांनी दोन्ही नावं एकत्र करून टोपणनाव ठेवलं. दोनशे वर्षांनंतरचं यान आजोबांसारखं दिसलं तर चालेल, पण आजोबा नातवासारखे दिसू लागले की कालपट डळमळतो. प्रेक्षकाला पहिल्या नजरेत ओळखीचा आकार दिसावा, हा व्यवसायाचा हिशेब मला कळतो. पटत नाही.

अटींशी प्रामाणिक राहण्यात मात्र याच मालिकेने चौथ्या वर्षात कमाल केली. रोम्युलन दाखवायचे, पण पृथ्वीच्या माणसांना दिसू द्यायचे नाहीत. लेखकांनी रोम्युलनांना दूरवरून चालवायचं मनुष्यविरहित यान दिलं. ते बाहेरचं रूप बदलून इतरांच्या जहाजांचं सोंग घेतं आणि आत शिरलेल्या माणसांना चालकाची खुर्चीच सापडत नाही. स्पॉकच्या वाक्याला धक्का न लावता धमाल उडवून दिली.

युद्ध पाचव्या वर्षात येईल अशी अपेक्षा होती, पण मालिका १३ मे २००५ला संपली. एरिक जेंड्रेसन यांनी याच युद्धाभोवती चित्रपटाची पटकथा लिहिली, तीही बारगळली. मायकेल मार्टिन यांच्या कादंबऱ्यांनी २००९पासून ती जागा भरली. ड्रेक्स्लर यांनी एनएक्स-०१च्या पोटाखाली मूळ एंटरप्राइझसारखं धड जोडून सुधारित रूप रेखाटलं होतं. ते २०२३मध्ये ‘पिकार्ड’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात संग्रहालयातलं जहाज म्हणून पडद्यावर आलं. आकाराचा दुवा त्यामुळे सांधला गेला, हे मान्य. तरी माझा कौल डेडालसलाच. अण्वस्त्रं, घाई, अंधार आणि न दिसणारा शत्रू या चारही अटी ज्यात बसतात, असं ते एकमेव यान आहे.

वाचकांपैकी कुणाच्या हातात पेन्सिल असेल, तर त्यांनी हे कोडं जरूर सोडवून पाहावं. तोफा जितक्या लावायच्या तितक्या लावा. फक्त उष्णता बाहेर टाकायचे पडदे आधी रेखाटा आणि मग बाकीचं जहाज त्यांच्याभोवती बसवा.